वाळवंटी उन्हाळ्यातलं वीजबिल: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

पारा ४२-४५ अंशांवर गेला की बहुतेक घरांत कामं एकाच क्रमानं होतात. आधी एसी १८ वर जातो, मग दुसरा एसी येतो, मग बिल येतं आणि सगळ्यात शेवटी पश्चिमेच्या खिडकीवर काहीतरी लावायला हवं होतं हे लक्षात येतं. हा क्रम उलटा आहे. घरात शिरलेली उष्णता बाहेर काढायला वीज लागते, तिला दारातच अडवायला लागत नाही. म्हणून आधी मोजणी, मग ऊन आणि फटी, मग यंत्रांची सफाई, त्यानंतर ती चालवायची पद्धत आणि नव्या एसीची खरेदी सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमानं करा. मधला टप्पा विनाकारण गाळून पुढचा केला तर पुढच्याचा फायदा घटतो.

## आधीची तयारी

उन्हाळ्याचा जोर सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. गच्ची रंगवायची असेल तर ती याच दिवसांत, कारण तापलेल्या स्लॅबवर रंग धरत नाही.

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: साधे दोन थर्मामीटर (एक घरात, एक बाहेर सावलीत), आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, वही, बॅटरी, मऊ ब्रश, दाराखिडक्यांना लावायची रबरपट्टी आणि दारांखाली बसवायच्या ब्रशपट्ट्या. दोन्ही थर्मामीटर एक तास शेजारी ठेवून एकच आकडा दाखवतात का ते पाहा. फरक असेल तर तो वहीत लिहून ठेवा. पुढचे बरेच निर्णय आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर घ्यायचे आहेत.

## टप्पा १: बिल वाचा आणि मीटर मोजा

बिलाच्या शेवटच्या रकमेकडे पाहून काहीच कळत नाही. तीन गोष्टी शोधा: वापरलेली युनिटं, बिलाचे दिवस आणि रीडिंगचा प्रकार. एकूण युनिटं भागिले दिवस, म्हणजे तुमचा रोजचा वापर. तुलना या आकड्याची करायची. ३५ दिवसांचं बिल २८ दिवसांच्या बिलाशेजारी ठेवून घाबरून जाणं ही पहिली चूक.

रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे, हेही पाहा. मागच्या महिन्यांत अंदाज कमी धरला गेला असेल तर राहिलेली युनिटं एकदम उन्हाळ्याच्या बिलात येतात, आणि जिथे वापर वाढेल तसा दर चढतो तिथे ती वरच्या दरात जाऊ शकतात. बिलावरचं रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी जुळत नसेल तर तारीख दिसेल असा मीटरचा फोटो काढून लगेच तक्रार करा.

आता मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या संख्येला ६०,००० नं गुणा आणि छापलेल्या आकड्यानं भागा. येईल तो त्या क्षणीचा वापर, वॅटमध्ये. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ३० लुकलुकी म्हणजे साधारण ५६० वॅट.

हे मोजमाप चार वेळा घ्या:

1. मेन स्विच बंद करून. दिवा थांबायलाच हवा. थांबला नाही तर कुणाची तरी लाइन तुमच्या मीटरवर आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे.
2. मेन चालू, पण पंखे, दिवे, एसी, कूलर, मोटार, गिझर सगळं बटणावरून बंद आणि फ्रिजचा प्लग काढलेला. उरतो तो चोरखर्च: टीव्हीचा डबा, राउटर, चार्जर, मायक्रोवेव्हचं घड्याळ. हा ६० वॅट निघाला तर दिवसाला जवळपास दीड आणि महिन्याला ४३ युनिटं विनाकारण जातात.
3. फक्त फ्रिज जोडून, कंप्रेसर चालू असताना.
4. फक्त एक एसी, सुरू केल्यावर १० मिनिटांनी आणि पुन्हा एका तासानं. इन्व्हर्टर एसीचा (गरजेप्रमाणे कंप्रेसरची गती कमी-जास्त करणाऱ्या एसीचा) दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली यायला हवा. तासाभरानंतरही तो तेवढाच असेल तर खोलीत येणारी उष्णता एसीच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. टप्पा २ आणि ३ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे.

सावधान: मीटरचं सील, त्याची पेटी किंवा त्यामागची वायर हात लावायची जागा नाही. पहिल्या मोजणीत दोष दिसला तर वीज कंपनीचा माणूस किंवा परवानाधारक वायरमन बोलवा.

## टप्पा २: ऊन भिंतीबाहेरच अडवा

वाळवंटात उन्हाळ्यात ढग फारसे नसतात आणि दुपारनंतर सूर्य पश्चिमेच्या खिडकीत सरळ घुसतो. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच साध्या काचेतून त्या वेळी सुमारे १ किलोवॅट उष्णता आत येते. खोलीत हीटर लावून शेजारी एसी चालवण्यासारखंच हे आहे. ती बाहेर फेकायला एसीला तीन-साडेतीनशे वॅट लागतात, म्हणजे चार तासांच्या उन्हात एका खिडकीमागे रोज सव्वा युनिटाच्या आसपास.

आतला पडदा याला पुरेसा नाही. ऊन काचेतून आत आलं, पडदा तापला आणि ती उष्णता खोलीतच राहिली. आडोसा काचेच्या बाहेर हवा. बांबूचा पडदा, ताणून बांधलेली शेडनेट, लाकडी झडप, कापडी छप्पर, काहीही चालेल. आडोसा आणि काच यांत निदान ५ ते १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. शेडनेट ७५ टक्के किंवा त्याहून दाट घ्या. बाहेर काही लावणं शक्यच नसेल तर आतून पांढऱ्या पाठीचा जाड पडदा काचेला शक्य तितका चिकटून लावा. मात्र हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे हे मनाशी पक्कं असू द्या.

पूर्वेच्या खिडक्या उजाडल्यापासून ११ वाजेपर्यंत आणि पश्चिमेच्या दुपारी १ पासून सूर्य बुडेपर्यंत झाका. ऊन आत आल्यावर झाकून उपयोग नाही, येण्याआधी झाका.

सावधान: काचेला आतून चमकती फॉइल चिकटवू नका. काच असमान तापते आणि तडकू शकते, रंगीत काच तर विशेषच. बाहेरचे पडदे वादळात उडणार नाहीत असे चारही कोपऱ्यांनी बांधा.

गच्ची. तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल तर खिडकीनंतरचं मोठं काम हेच. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता चार ते सहा तासांनी खाली पोचते. म्हणून वरच्या मजल्यावर संध्याकाळी ७-८ वाजता छत सगळ्यात जास्त तापतं आणि एसी रात्री उशिरापर्यंत थकत राहतो. उपाय पांढऱ्या थराचा:

1. आधी भेगा भरा आणि त्या पूर्ण वाळू द्या.
2. गच्ची झाडून, घासून धुवा. धुळीवर लावलेला थर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.
3. उघड्या सिमेंटवर चुना चालतो, त्यात डिंक किंवा चिकटद्रव्य मिसळून. पृष्ठभाग किंचित ओला ठेवा. डांबरी आवरण असलेल्या गच्चीवर चुना धरत नाही, तिथे छतासाठीच बनवलेला पांढरा लवचीक रंगच लावा.
4. दोन ते तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मध्ये डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळा.
5. काम पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करा. भर उन्हात थर वरून वाळतो आणि आतून भुसभुशीत राहतो.

लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात. वाळवंटात हा थर लवकर मातकट होतो आणि मातकट झाला की त्याचा फायदा बराच घटतो. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या धुळीच्या वादळानंतर गच्ची झाडा. पाणी कमी असेल तर कोरडा झाडूही बराच फरक पाडतो.

तपासणी: संध्याकाळी ७ वाजता छताला हात लावा किंवा थर्मामीटर छताला टेकवून ठेवा. थर देण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. बाहेरचं तापमान सारखं असलेलेच दिवस तुलनेला घ्या.

## टप्पा ३: फटी बुजवा

दुपारी बाहेर वारा असताना दारंखिडक्या लावून घ्या, पंखे बंद करा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे फट. दाराचा तळ, सरकत्या खिडक्यांचे रूळ, एसीची नळी भिंतीतून जाते ते भोक आणि वायरिंगचे पाइप या चार जागा आधी पाहा. नळीभोवतीचं भोक अनेक घरांत बसवताना उघडंच राहिलेलं असतं. उदबत्ती पडद्यांपासून लांब धरा.

फटी बुजवल्यावरही एक चूक मागे राहते: स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा. तो एसीनं थंड केलेली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच तापलेली, धुळीची हवा दुसरीकडून आत ओढतो. स्वयंपाक किंवा आंघोळ संपली की बंद. गॅसची शेगडी चालू असताना मात्र तो चालूच राहायला हवा, तिथे काटकसर करू नका.

## टप्पा ४: रात्रीची हवा साठवा

कोरड्या प्रदेशाची ही मोठी देणगी: दिवसा ४४ अंश असले तरी पहाटे पारा बऱ्याचदा १५ अंशांनी खाली येतो. जाड भिंती आणि फरशी ती थंडाई धरून ठेवतात. पण खिडकी कधी उघडायची हे घड्याळावर ठरवू नका, थर्मामीटरवर ठरवा. बाहेर आतल्यापेक्षा २-३ अंश कमी झालं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि एका खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावा. सकाळी दोन्ही आकडे सारखे होण्याआधी सगळं बंद, पडदे खाली. "सकाळची हवा छान आहे" म्हणून नऊपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या तर रात्रीची कमाई तासाभरात जाते.

धुळीचं वादळ असेल किंवा रात्रीही बाहेर ३२-३३ च्या खाली येत नसेल तर हा टप्पा त्या रात्रीपुरता सोडून द्या.

## टप्पा ५: कूलर, जिथे हवा कोरडी आहे तिथे

कूलरला दीड-दोनशे वॅट लागतात, दीड टनी एसीला भर उन्हात दीड-दोन हजार. फरक दहापट आहे. म्हणून कूलर चालेल का, हे अंदाजावर सोडू नका, मोजा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा, पंख्यासमोर सावलीत पाच मिनिटं धरा आणि आकडा स्थिर झाला की वाचा. हे झालं ओलं तापमान. कोरड्यातून, म्हणजे कापड न गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्यातून, ओलं वजा करा आणि त्या फरकाच्या पाऊण भागानं कोरडं तापमान खाली आणा. कूलरच्या तोंडाशी साधारण तेवढी हवा मिळेल.

बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं तापमान २२ च्या जवळ येतं, फरक २०, म्हणजे कूलरमधून २७ अंशांची हवा. तेच ४२ अंश, पण आर्द्रता ३५ टक्के, तर ओलं तापमान २९ आणि कूलरची हवा ३२ च्या वर. पहिल्या दिवशी एसीची गरज नाही. दुसऱ्या दिवशी कूलर फक्त चिकचिक करेल. समुद्राकाठच्या वाळवंटी भागात बरेच दिवस हा दुसरा प्रकार असतो, तिथे या टप्प्यावर पैसे घालू नका.

आकार. खोलीची हवा दर दोन मिनिटांनी बदलायला हवी. १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, तर मिनिटाला निदान ६०० घनफूट हवा देणारा कूलर घ्या.

बसवणं. कूलरची पाठ बाहेरच्या हवेकडे हवी आणि खोलीतून हवा बाहेर जायला वाट हवी: मिनिटाला दर १००० घनफूट हवेमागे सुमारे २ चौरस फूट उघडी खिडकी, शक्यतो समोरच्या बाजूला. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो, अर्ध्या तासात अंग चिकट होतं आणि दोष कूलरला दिला जातो. दोष बंद खिडकीचा असतो.

बर्फ टाकू नका. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या जवळपास सातपट एक लिटर पाणी हवेत उडून जाताना घेतं. कूलर बाष्पीभवनावर चालतो, गार पाण्यावर नाही. शिवाय तो बर्फ करायला फ्रिजनं वीज खाल्लेली असतेच.

पाणी. वर दिलेल्या १२०० घनफुटांच्या खोलीत, कोरड्या दिवशी, तासाला ६-७ लिटर पाणी उडतं. क्षार मात्र मागे टाकीतच राहतात आणि पॅडवर पांढरा थर धरतो. थर आला की हवा कमी आणि गारवाही कमी. पाणी जड असेल तर दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून भरा. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डास होतात. काढलेलं खारट पाणी फरशी पुसायला वापरा, रोपांना घालू नका.

तपासणी: पॅड वरपासून खालपर्यंत सारखं ओलं आहे का ते बॅटरीनं पाहा. कोरडा पट्टा दिसला तर वरच्या नळीची भोकं क्षारानं बुजली आहेत. सुईनं मोकळी करा, पण आधी प्लग काढा.

सावधान: कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी चालवणं ही सगळ्यात महागडी चूक. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी वीज खर्चून तेच पाणी पुन्हा बाहेर काढतो. एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला बंद.

## टप्पा ६: एसीची सफाई

इथे दोन जागा आहेत आणि लोक एकच साफ करतात.

आतला फिल्टर दर दोन आठवड्यांनी काढा, वादळानंतर लगेच. नळाचं पाणी स्वच्छ बाजूनं सोडा म्हणजे धूळ आली त्याच वाटेनं बाहेर पडते. उलट्या बाजूनं धुतलं तर ती जाळीत आणखी घट्ट बसते. सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते आणि कडेनं धूळ आत शिरते.

बाहेरचा भाग खरा दुर्लक्षित. खोलीतली सगळी उष्णता त्याच्या मागच्या जाळीतून बाहेर पडते. जाळीवर धुळीचा थर असेल तर कंप्रेसरला जास्त दाबावर काम करावं लागतं, बिल वाढतं आणि अति उन्हात तो मध्येच बंद पडतो. दर महिन्याला असं करा:

1. एसी रिमोटनं बंद करा, मग त्याचा एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) खाली पाडा. दहा मिनिटं थांबा.
2. पालापाचोळा, पक्ष्यांची काडी-पिसं हातानं काढा. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनं, म्हणजे वरून खाली फिरवा. आडवा फिरवलात तर पाती वाकतात.
3. वायर जिथे जोडल्या आहेत ती बाजू प्लास्टिकनं झाका. हलक्या धारेचं पाणी वरून खाली सोडा. दाबाचा फवारा वापरू नका.
4. अर्धा तास वाळू द्या, मगच एमसीबी वर करा.

सकाळी, यंत्र गार असताना हे करा. युनिट उंचावर, कठड्याबाहेर असेल तर स्वतः वाकू नका, माणूस बोलवा. पैसे वाचवायच्या नादात पडून जीव गमावू नये.

त्याच वेळी तांब्याच्या जाड नळीवरचं फोमचं आवरण पाहा. वाळवंटी उन्हात त्याचा एक-दोन वर्षांत भुगा होतो आणि थंड नळी उघडी पडते. नवं आवरण घाला, वरून ऊन सोसणारी टेप गुंडाळा.

बाहेरच्या युनिटला डोक्यावर सावली चांगली, पण समोर आणि मागे मोकळं हवं. बंद बाल्कनीत ठेवलेलं युनिट आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं. तपासणी: एसी तासभर चालल्यावर युनिट हवा ओढतं त्या बाजूला थर्मामीटर धरा. बाहेरच्या मोकळ्या सावलीपेक्षा ३ अंशांहून जास्त निघालं तर जागा चुकीची आहे किंवा समोर अडथळा आहे.

आतली तपासणी: एसी १५-२० मिनिटं पूर्ण जोरात चालू द्या. खोलीतल्या युनिटमध्ये आत जाणारी हवा आणि त्यातून बाहेर येणारी हवा यांत १० ते १४ अंशांचा फरक हवा. ८ च्या खाली असेल आणि सफाई झालेली असेल, तर एसीतला गारवा करणारा गॅस कमी असू शकतो. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. "दर वर्षी गॅस भरावाच लागतो" हे ऐकून पैसे देऊ नका. आधी गळती शोधायला लावा, मग यंत्रावरच्या माहितीपट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा. जास्त भरलेला गॅसही वीज खातो.

## टप्पा ७: एसी चालवायची पद्धत

साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कंप्रेसर १८ वर ठेवला तरी आणि २६ वर ठेवला तरी एकाच जोरानं चालतो. १८ वर खोली लवकर गार होत नाही, तो फक्त उशिरा थांबतो. ४४ अंशांत १८ गाठणं बहुतेक खोल्यांना जमतच नाही, म्हणजे तो थांबतच नाही.

सुरुवात २७ वर करा, छताचा पंखा मध्यम गतीवर. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, त्यामुळे दमट प्रदेशापेक्षा इथे थोडं जास्त तापमानही सुखाचं वाटतं. वाढवलेल्या प्रत्येक अंशामागे एसीची वीज साधारण ५-६ टक्क्यांनी कमी होते. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा ३० च्या आसपास. पंखा खोलीला गार करत नाही, माणसाला करतो. रिकाम्या खोलीत तो बंद हवा.

"ड्राय" हे बटण वाळवंटात जवळपास निरुपयोगी आहे. ते हवेतला ओलावा काढण्यासाठी असतं आणि समुद्राकाठ सोडला तर इथे ओलावा फारच कमी असतो. याच कारणानं एसीच्या नळीतून पाणीही थोडंच यायला हवं. कोरड्या दिवशी धार लागली असेल तर खोलीत कूलर, ओले कपडे किंवा उघडं बाथरूम आहे का ते शोधा.

बाहेर जाताना एसी चालू ठेवणं स्वस्त पडतं, हा समज सोडा. सुरू होतानाचा झटका क्षणाचा असतो. तासाभराहून जास्त बाहेर असाल तर बंद करा. अपवाद एकच: तुमच्याकडे वेळेनुसार दर असतील आणि परत येण्याची वेळ महाग तासांत पडत असेल. तिथे महाग तास सुरू होण्याआधी दोन तास खोली २४ पर्यंत गार करा आणि महाग तासांत २८ वर पंख्याच्या साथीनं काढा. टप्पा २ झालेला असेल तरच हे जमतं, उघड्या खिडकीच्या खोलीत साठवलेला गारवा अर्धा तासही टिकत नाही.

सावधान: घरात तान्ही मुलं, वयस्क माणसं, गरोदर बाई किंवा हृदयाचे रुग्ण असतील तर त्यांच्या खोलीत काटकसर नको. खोलीच ३८-४० अंशांवर असेल तर नुसता पंखा शरीरावर गरम हवा मारतो आणि अपाय करू शकतो. बोलण्यात गोंधळ, त्वचा तापलेली, ग्लानी अशी लक्षणं दिसली तर माणसाला गार जागी न्या, अंग ओलं करा, पंखा लावा आणि तातडीनं वैद्यकीय मदत बोलवा.

## टप्पा ८: फ्रिज, गिझर आणि बाकीचं

फ्रिज पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून हलवा, मागे १० सेंटिमीटर जागा सोडा, मागची किंवा खालची जाळी धूळमुक्त करा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर रबर बदला. फ्रिजमध्ये ४ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ पुरे. कोपऱ्यातला जुना दुसरा फ्रिज उन्हाळ्यापुरता बंद करता येतो का बघा, तापलेल्या खोलीत त्याचा कंप्रेसर क्वचितच थांबतो.

गिझर पूर्ण बंद. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगाला सोसत नाही इतकं तापलेलं असतं. साठवणीचा मोठा गिझर घरात, सावलीत असेल तर तो बंद ठेवून उलटा वापरा: त्यातलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं, म्हणून गरम पाण्याचा नळ गार पाणी देतो. लहान झटपट गिझरमध्ये हे होत नाही. मात्र २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून पाणी रोज वापरात ठेवा आणि आठवड्यातून एकदा गिझर ६० अंशांपर्यंत तापवा. त्या दिवशी नळ जपून उघडा. गच्चीच्या टाकीवर सावली केली तर हा सगळा खटाटोप बराच हलका होतो.

इस्त्री, ओव्हन, कपडे धुणं सकाळी लवकर. या यंत्रांची उष्णता घरातच राहते आणि ती बाहेर काढायचे पैसे तुम्ही पुन्हा एसीतून भरता. पाण्याच्या मोटारीला टाकी भरली की आपोआप बंद होणारा स्विच लावा.

तपासणी: एसी तासभर चालल्यावर तो बंद करा आणि प्लग काढून लगेच हात लावून पाहा. गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर जोडणी सैल आहे. दुरुस्त होईपर्यंत तो एसी वापरू नका.

## टप्पा ९: दर आठवड्याची नोंद

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहा आणि शेजारी त्या आठवड्यातलं रोजचं कमाल तापमान. ४० अंशांच्या आठवड्याची तुलना ४५ च्या आठवड्याशी करू नका. एका आठवड्यात एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

सारख्याच तापमानाच्या दोन आठवड्यांत वापर कमी झाला नाही, तर या क्रमानं शोधा: पांढरी गच्ची मळली आहे का, बाहेरच्या युनिटची जाळी पुन्हा भरली आहे का, रात्री उघडलेली खिडकी सकाळी वेळेवर लागते का. तिन्ही ठीक असतील तर टप्पा १ ची दुसरी मोजणी पुन्हा घ्या, चोरखर्च वाढलेला असू शकतो.

हे सगळं करूनही एसी तासन्‌तास थांबत नसेल आणि टप्पा ६ च्या आतल्या तपासणीत कमकुवत निघत असेल, तेव्हाच नव्याचा विचार करा. एसीची छापील क्षमता बहुधा ३५ अंशांच्या बाहेरच्या हवेत मोजलेली असते, त्याहून जास्त तापमानात ती घटते आणि वीज वाढते. माहितीपत्रकात ४६ अंशांची, म्हणजे टी-३ चाचणीची क्षमता आणि वॅट शोधा, दुकानदाराला तेच दोन आकडे विचारा. खोलीचा हिशोब ऊन अडवल्यानंतरचा करा. आधी दोन टन लागत होता त्या खोलीला आता दीड टन पुरू शकतो.